डॉट इनची एजीएम कधी असते?

आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, पार्किंगमध्ये होते. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, सकाळी दहाची वेळ, प्लॅस्टिकच्या तीस खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या, आणि दहाच्या ठोक्याला हजर माणसं सात. मग सेक्रेटरी घड्याळ बघतो, कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब असं वहीत लिहितो, त्या अर्ध्या तासात चहा आणि वेफर्स होतात, आणि साडेदहाला त्याच जागी तीच सभा परत चालू, आता कोरमची गरज नाही. पाच वर्षं ते वहीत लिहिणारा मीच होतो, त्यामुळे या प्रकाराला हसायचा हक्क मला आहे. पण या सगळ्या विनोदी कारभारात एक गोष्ट खरी असते, ती वही. प्रोसीडिंग बुक. दुसऱ्या मजल्यावरचे काका, रिटायर्ड, आयुष्य ऑडिटमध्ये गेलेलं, दर वर्षी मागच्या वर्षीचं पान उघडायला लावतात आणि विचारतात, लिफ्टच्या एएमसीची, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कंत्राटाची, तीन कोटेशन्स घेणार होतात, ती कुठायत? तीन नसतातच. दोन असतात, त्यातलं एक व्हॉट्सॲपवर आलेलं. आणि अख्ख्या कमिटीला घाम फुटतो.

हे आत्ता आठवलं कारण पोटापाण्यासाठी मी छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो, सिंहगड रोडवर एक खोली आहे तिला ऑफिस म्हणतो, आणि मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात सहा क्लायंटची डॉट इन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, ज्यांना डोमेन म्हणतात, रिन्यू करायला आली. बसल्या बसल्या हिशोब केला तर पंधरा वर्षांत माझ्या हातून या डॉट इनसाठी बऱ्यापैकी रक्कम गेलीये. सोसायटीच्या मेंटेनन्सइतकी नाही, पण तिथे निदान वर्षातून एकदा खुर्चीवर बसून भांडता येतं. डॉट इनची एजीएम कधी असते? असते, ते चालवणारी कंपनी आहे म्हटल्यावर कायद्याने असतेच, पण तिथे माझ्यासाठी खुर्ची नाही. मोडकी पण नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरांचं आडनाव मिळतं, आपलं डॉट इन. ते पहिल्यांदा १९८९ मध्ये मुंबईच्या एनसीएसटीकडे आलं, म्हणजे संशोधकांच्या हातात. तेव्हा नाव मिळवणं म्हणजे रेशन कार्ड काढण्यासारखं होतं, १९९२ ते २००४ एवढ्या काळात मिळून सात हजारांच्या आसपास नावं दिली गेली. ही एनसीएसटी २००३ मध्ये सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली, जिचं मुख्यालय आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात वाढलं, हे इथल्या आयटीवाल्यांना पण माहीत नसतं. त्याच वर्षी निक्सी नावाची ना-नफा कंपनी निघाली, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, मूळ काम देशातल्या इंटरनेट कंपन्यांचा ट्रॅफिक देशातच एकमेकांना जोडून द्यायचं, आणि डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे कुठलं नाव कुणाचं याची नोंदवही, पण तिच्याकडे आली. २००५ पासून नाव कुणालाही घेता यायला लागलं. आज ती नावं चाळीस लाखांच्या घरात आहेत. निक्सीच्या बोर्डाचे अध्यक्ष म्हणजे केंद्राच्या आयटी मंत्रालयाचे सचिव. डॉट इनचा प्रत्यक्ष सर्व्हर-बिर्व्हरचा गाडा ठेका दिलेली कंपनी चालवते, आधी अफिलियास होती, मग न्यूस्टार आली, २०२५ पासून टुकाउज आहे. आणि नाव घेणारे आपण चाळीस लाखवाले, आपण ग्राहक. सभासद नाही.

आता लगेच कुणी म्हणेल की अरे वर्षाचे सातशे-आठशे रुपये भरतोस त्यात तुला सभासद पण व्हायचंय? उद्या एमएसईबीच्या बिलावर पण मत मागशील. तर विजेच्या दरावर निदान जाहीर सुनावणी होते, वीज नियामक आयोगापुढे जाऊन सामान्य ग्राहक बोलतो, आणि पुण्यात असे बोलणारे मुरलेले लोक आहेत. डोमेनला तेवढंही नाही. आणि हा प्रश्न सातशे रुपयांचा नाहीच. नाव कुणाला मिळणार, कुणाचं काढून घेणार, वाद झाला तर लवाद कसा नेमणार, घरचा पत्ता आणि फोन जगाला दिसणार की नाही, असले सगळे नियम तिथे ठरतात. मध्यंतरी रिझर्व्ह बँकेने ठरवलं की सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्यायची, फसवाफसवी कमी व्हावी म्हणून. निर्णय चांगलाच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण बघा, आईच्या सहकारी बँकेचा पत्ता बदलला, ती मला फोन करून विचारते हे खरं का खोटं. म्हणजे डॉट इनच्या आत नावांची रचना कशी असावी हा प्रश्न थेट पासबुकापर्यंत येऊन पोचलाय, तो काही चार इंजिनियरांचा विषय राहिलेला नाही.

बाहेरच्या देशांत काय चालतं ते बघूया, कारण तिथे सभासद पण आहेत, निवडणुका पण आहेत आणि राडे पण आहेत.

जर्मनीचं डॉट डीई चालवणारी डेनिक ही चक्क सहकारी संस्था आहे, फ्रँकफर्टला, आपल्या पतपेढीसारखी रजिस्टर झालेली, सभासद म्हणजे डोमेन विकणाऱ्या आणि होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा, देणाऱ्या कंपन्या. हे मी एकदा सहकार शिकवणाऱ्या वैकुंठ मेहता इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या एका मित्राला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. कॅनडात डॉट सीए ज्याच्याकडे आहे तो फुकट सभासद होऊ शकतो आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत देऊ शकतो.

खरा मसाला मात्र ब्रिटनचा. डॉट यूके चालवणारी नॉमिनेट ही १९९६ पासूनची ना-नफा कंपनी, सभासद बहुतेक करून डोमेन विकणारे. बरीच वर्षं सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग सभासदांच्या लक्षात यायला लागलं की नावांचा दर वाढतोय, वरच्या साहेबांचे पगार वाढतायत, आणि समाजकार्याला जाणारा पैसा मात्र आटतोय, शिवाय कंपनी ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांसारख्या भलत्याच धंद्यांत हात घालतीये. एका होस्टिंग कंपनीच्या मालकाने मोहीम काढली. तिथल्या कायद्यात पाच टक्के मतं गोळा झाली की खास सभा बोलावता येते, ती बोलावली, आणि २२ मार्च २०२१ ला मतदान होऊन चेअरमनसकट पाच संचालकांना घरी पाठवायचा ठराव ५२.७४ टक्क्यांनी पास झाला. सीईओसाहेब आदल्या दिवशीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. काय फरकाने? जेमतेम साडेपाच टक्के. काठावर. आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा ठराव पण याहून जास्त फरकाने पडला होता.

यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, तिथे मतं माणशी नव्हती, ज्याच्याकडे नावं जास्त त्याची मतं जास्त, वर मर्यादा होती पण तरी. म्हणजे मोठ्या कंपन्यांचं वजन मोठं, आणि तरीही छोट्यांनी बाजी मारली. आपल्याकडे सहकाराच्या कायद्याने हा प्रश्न १९६० लाच मिटवलाय, शेअर्स कितीही असोत, मत एक. प्रॉक्सी नाही, स्वतः यायचं. आमच्याकडे चार फ्लॅट घेतलेला इन्व्हेस्टर आहे, त्याला याचा अजून राग आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ते लोक जिंकले कारण त्यांच्या हातात आकडे होते. किती वर्षांत पगार कुठून कुठे गेला, देणगी कुठून कुठे आली, हे ताळेबंदातून काढून त्यांनी एका पानावर मांडलं. नुसतं ‘संचालक चोर आहेत’ म्हणून ५२ टक्के होत नसतात.

याच्या उलटं उदाहरण अमेरिकेतलं आणि ते मला जास्त आवडतं. अख्ख्या जगाच्या डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणारी आयकॅन, तिने २००० साली एक वेडा प्रयोग केला, जगातल्या कुठल्याही इंटरनेट वापरणाऱ्याने नाव नोंदवायचं आणि बोर्डावरचे पाच संचालक थेट ऑनलाइन मतदानाने निवडायचे, खंडवार. चौतीस हजारांवर लोकांनी मतं टाकली. उत्तर अमेरिकेतून कार्ल आवरबाख नावाचा इंजिनियर-वकील निवडून आला, तोंडाने फटकळ, आधीपासून आयकॅनचा टीकाकार. तो बोर्डावर बसला आणि म्हणाला, हिशोबाची कागदपत्रं दाखवा. तर म्हणे आधी गुप्ततेच्या अटी मान्य करा. संचालकाला! निवडून आलेल्या! तो म्हणाला, नाही मान्य करणार, आणि २००२ मध्ये कोर्टात गेला, स्वतःच्याच संस्थेवर केस, आणि त्याच वर्षी जुलैत लॉस एंजलिसच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मग आयकॅनने काय केलं? ती थेट निवडणुकीची पद्धतच बंद करून टाकली.

मला या गोष्टीत हे दिसतं की मत मिळालं, खुर्ची मिळाली, आणि तरी दोन वर्षं कपाटाची किल्ली मिळाली नाही. म्हणून मी ‘डॉट इनच्या निवडणुका घ्या’ अशी घोषणा द्यायला तयार नाही. माझं म्हणणं याच्या आधीचं आहे: आधी वही उघडा. निवडणूक त्याच्यानंतर, पण नक्की.

आपल्या सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमात सभासदाला काय काय बघता येतं याची यादीच आहे. पोटनियम, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, कमिटीची नावं, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीच्या सभेचं इतिवृत्त, स्वतःच्या खात्याची पानं. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे द्यावं लागतं, मग तो घरी क्रिकेट बघत असो. सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी, अजेंडासकट, बोर्डावर चिकटवावी लागते, आणि ऐनवेळचे विषय म्हणून काही मोठं घुसवलं तर काका उभे राहतातच. मला डॉट इनच्या बाबतीत एवढंच हवंय. बोर्डापुढे कुठला विषय येणार ते आधी कळू दे, काय ठरलं आणि कुणाचं काय वेगळं मत पडलं ते नंतर कळू दे, दर बदलायचा असेल तर का, ठेका एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कशाच्या जोरावर, शिलकीतले पैसे कशावर खर्च होतात ते नावानिशी मांडा.

माहितीचा अधिकार आहे ना, असं कुणीतरी म्हणणारच. आहे, आणि निक्सीला तो लागू पण आहे. पुण्याला त्याबद्दल काय सांगायचं, १२ ऑक्टोबर २००५ ला कायदा लागू झाला त्या दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या पोलीस ठाण्यात पडला होता. पण अर्ज करून तीस दिवस थांबून मिळालेला कागद आणि बोर्डावर आपणहून लावलेला कागद यात फरक असतो. पहिल्यात तुम्हाला आधीच माहीत असावं लागतं की नेमकं काय मागायचं. काकांना माहीत असतं. मला नसतं, आणि तुम्हालाही नसतं. आणि त्याच कायद्याचं चौथं कलम काय म्हणतं, की लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये इतकं आपणहून जाहीर करा.

आता विरोधी मुद्दे, कारण ते खोटे नाहीयेत.

पहिला देशाच्या सुरक्षेचा. डॉट इन बंद पडलं तर बँका, सरकारी साइट, अर्धा देश बंद, असल्या गोष्टी निवडणुकीवर सोडायच्या का? नाही सोडायच्या. पण सर्व्हर कुठे ठेवायचा आणि किल्ल्या कुणाकडे यावर मतदान मागतंय कोण? सोसायटीत पण लिफ्टच्या मोटरचं वायरिंग सभा ठरवत नाही, कंत्राट कुणाला आणि कितीला ते सभा ठरवते. सरकारचे दोन-तीन प्रतिनिधी बोर्डावर राहू देत, सुरक्षेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असू दे. पण दर, वादाचे नियम आणि खाजगी माहिती यात कसली आली सुरक्षा.

दुसरा मुद्दा घुसखोरीचा, आणि तो मला खरंच सतावतो. न्यूझीलंडचं डॉट एनझेड चालवणाऱ्या इंटरनेटएनझेडमध्ये काही शेच सभासद होते, २०२५ मध्ये एका भाषणस्वातंत्र्यवाल्या संघटनेने आपल्या लोकांना सभासद व्हा म्हणून हाक दिली आणि आकडा बघता बघता हजारांत गेला. आफ्रिकेतली आफ्रिनिक, जी डोमेनची नाही, आयपी पत्त्यांची, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनना मिळणाऱ्या नंबरांची, नोंद ठेवते, तिची जून २०२५ ची निवडणूक दुसऱ्याच्या वतीने मत टाकायच्या अधिकारपत्रावरून वाद होऊन रद्द करावी लागली आणि सप्टेंबरमध्ये परत घ्यावी लागली, त्याआधी कित्येक महिने तिथे बोर्डच धड नव्हतं. हे वाचताना पुण्याच्या माणसाला काही नवीन वाटत नाही. पॅनल उभी राहणं, आदल्या रात्री जेवणावळी, मयत सभासदाच्या नावावर मत, हे सगळं आपण सहकारात बघून बसलोय. निवडून आलेलं संचालक मंडळ म्हणजे चांगला कारभार असं असतं तर १९१२ सालची रुपी बँक आज चालू असती. २०२२ ला तिचं लायसन्स गेलं आणि माझ्या ओळखीतली दोन म्हातारी माणसं त्याच्या आधी नऊ वर्षं स्वतःच्या पैशासाठी रांगेत होती.

पण या अनुभवातून सहकाराने काय शिकलं तेही बघा ना. निवडणूक संस्थेने स्वतःच घ्यायची नाही, मोठ्या संस्थांच्या निवडणुका बाहेरचं प्राधिकरण घेतं, ते सहकार निवडणूक प्राधिकरण पुण्यातच बसतं. मतदार यादी आधी प्रसिद्ध, हरकती, मग अंतिम. आज सभासद झालेल्याला उद्या मत नाही. हे नियम तसेच्या तसे उचलता येतील. उलट ज्यांची सभासद यादीच नाही तिथे घुसखोरीला मतं लागतच नाहीत, ओळख लागते. त्याचं ताजं उदाहरण डॉट ओआरजी, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एका गुंतवणूक कंपनीला एकशे साडेतेरा कोटी डॉलरला विकायचं ठरलं, आणि जगभर ज्या संस्थांची नावं त्यात होती त्यांना सौदा झाल्यावर बातमीतून कळलं. बोंबाबोंब झाली, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने नकार दिला. बोंबाबोंब हीच जर पद्धत असेल तर ती दर वेळी चालेलच असं नाही.

तिसरा मुद्दा कुणी मांडत नाही पण माझ्या धंद्यात रोज समोर येतो. मतदार कोण?

माझ्याकडे एक काकू येतात, धायरीच्या, भाजणीची पिठं आणि चकल्या विकतात, दिवाळीत त्यांच्याकडे आठ बायका कामाला असतात. त्यांची वेबसाइट माझ्याआधी एका मुलाने बनवली होती. नाव काकूंच्या आडनावाचं, डॉट इन, फोटो त्यांच्या स्वयंपाकघरातले. पण रजिस्टर करताना त्या मुलाने मालक म्हणून स्वतःचं नाव, स्वतःचा ईमेल टाकला. मुद्दाम नसेल, आळसाने असेल, सगळे करतात. मग मुलगा नोकरी लागून गेला, ईमेल बंद, दिवाळीच्या तोंडावर नाव एक्स्पायर. ज्या कंपनीकडून घेतलं तिचा कस्टमर केअर म्हणतो मालकाच्या ईमेलवर कोड पाठवलाय. काकू म्हणतात मालक मी आहे. तो म्हणतो सिस्टीममध्ये तुम्ही नाही आहात. तीन दिवस मी त्या फोनवर होतो, त्या मुलाला बंगलोरला शोधून काढला, त्याने बिचाऱ्याने कंपनीत हाफ डे टाकून कोड दिला.

आता उद्या डॉट इनवाल्यांनी उदार होऊन सगळ्या नोंदणीधारकांना मत दिलं, तर मत त्या मुलाला जाणार. काकूंना नाही. हे भाडेकरू आणि मालकासारखं पण नाही, हे म्हणजे फ्लॅट तुमचा आणि शेअर सर्टिफिकेट एजंटच्या नावावर. आणि जर ब्रिटन-जर्मनीसारखं फक्त विकणाऱ्या कंपन्यांना सभासद केलं तर बोर्डावर ज्यांना निवडतील ते त्यांच्याच धंद्याचं बघणार, नाव दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर करणं सोपं व्हावं असं कुठल्या दुकानदाराला वाटेल? म्हणून माझं मत कॅनडाच्या बाजूने आहे, नाव ज्याचं तो सभासद, माणशी किंवा संस्थेमागे एक मत, नावं पाचशे असली तरी एकच, आणि विकणाऱ्यांना हवी तर त्यांची वेगळी एक-दोन जागा. पण त्याच्या आधी नोंदी साफ करा. रिन्यूअलच्या वेळी खऱ्या मालकाला ‘हे नाव कुणाच्या नावावर आहे’ हे मराठीत, त्याच्या मोबाइलवर कळू दे. पन्नास टक्के भांडणं तिथेच संपतील, आकडा माझा अंदाज आहे, पण पंधरा वर्षांचा अंदाज आहे.

मराठीवरून एक जाता जाता. डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत आलं, मी हौसेने एक नाव घेतलं, आणि मग त्याच्यावरचा ईमेल अर्ध्या फॉर्मनी ‘अवैध’ म्हणून नाकारला. कुणाकडे तक्रार करणार, तो वेगळाच विषय आहे. पण चाळीस लाखांतल्या काही हजारांनी जरी एखाद्या सभेत हे विचारलं असतं तर इतकी वर्षं ते असंच पडलं नसतं असं मला वाटतं.

लोकांना रसच नाही, हे मात्र मी मान्य करतो. दहा वाजता सात माणसं. पण सोसायटीचा माझा अनुभव असा की सगळ्यांनी यायची गरजच नसते. काका एकटे येतात. बाकीचे त्रेचाळीस जण झोपलेले असतात आणि तरी कमिटी तिसरं कोटेशन आणते, कारण ते पान उघडलं जाणार हे तिला माहीत असतं. नॉमिनेटमध्ये पण सुरुवात एकाच माणसाने केली होती.

काकूंचं नाव आता काकूंच्या नावावर आहे, त्यांचा स्वतःचा ईमेल, पासवर्ड डायरीत, डायरी देवघराच्या खणात. परवा पैसे द्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या की हे सातशे रुपये नक्की जातात कुणाला, आणि ते त्याचं करतात काय. मी जमेल तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मीटिंगला बोलवत नाहीत का?